बाराव्या गाडीचा मान

"दोन किलोचा एक गोळा सहाच्या वेगानं आला आणि वाटेत उभ्या असलेल्या एक किलोच्या गोळ्याला जाऊन चिकटला," चुलीपुढं बसलेली माझी सून स्वतःशीच पुटपुटत होती. "आता दोन्ही मिळून कोणत्या वेगानं जातील?"

"ते जातील त्यांच्या घरी," मी म्हटलं. "तू हातातला गोळा परातीत थाप. तवा कधीचा तापून बसलाय."

"चारच्या," ती म्हणाली. माझ्याकडं बघून नव्हे, छताकडं बघून.

"आणि तव्यावरची भाकरी करपली, ती कितीच्या वेगानं?"

तेव्हा कुठं तिनं भाकरी उलटली. एक बाजू काळी, एक पांढरी. ती मी मुद्दाम तिच्याच ताटात वाढली, आणि ती तिनं खाल्लीही. खाताना ओठ हलतच होते. गोळे अजून चालले होते.

नाव तिचं ज्योत्स्ना. आमच्या गावाला एवढी जोडाक्षरं कुठली पेलायला? सगळे जोसना म्हणायचे. मी नुसतं 'अगं'. वैशाखात लग्न होऊन आली, ट्रंक उघडली, तर वर चार साड्या आणि खाली सगळी पुस्तकं. शेजारीण म्हणाली, "द्वारकाकाकू, सून आणली की मास्तरीण?" मी म्हटलं, "सूनच आणली. मास्तरीण तिच्याबरोबर आली, आता परत कशी पाठवू?" कॉलेज अर्धं टाकून ती बोहल्यावर चढली होती. उरलेली परीक्षा घरून द्यायची हे तिनं लग्नाआधीच माझ्या मुलाकडून कबूल करून घेतलं होतं. माझ्याकडून नव्हे. ते मी ध्यानात ठेवलं होतं.

मी स्वतः दुसरीपर्यंत शिकले. बाप म्हणाला, सही येते ना, मग बस झालं. येते मला सही. मोठी येते. कागदात मावत नाही.

तर सांगायची गोष्ट ती आमच्या खंडोबाच्या जत्रेची. आमचं गाव गिरणेच्या काठी, केळीच्या मुलखात. या भागात जत्रेला बारागाड्या ओढतात. बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या एकामागं एक बांधायच्या, त्यांत गावातली माणसं बसवायची, आणि अंगाला हळद माखलेल्या एका माणसानं, त्याला भगत म्हणतात, कमरेला दोर बांधून त्या ओढायच्या. डावी-उजवीकडून हात द्यायला दोन बगले, बस्स. मारुतीच्या पारापासून खंडोबाच्या देवळापर्यंत. हा मान आमच्या घराचा. आजेसासऱ्यांनी ओढल्या, सासऱ्यांनी ओढल्या, माझ्या नवऱ्यानं ओढल्या. आणि भगताच्या घरची थोरली बाई सगळ्यात शेवटच्या, बाराव्या गाडीत बसते, मांडीवर देवाचा टाक घेऊन. सासूबाई गेल्यापासून ती जागा माझी. तिथून गाव कसं दिसतं ते मी बायकांना कधी सांगितलं नाही. जळतील.

नवरा गेला आणि हळद माझ्या मुलाच्या अंगाला लागली. मुलाचं नाव बळीराम. नाव मी ठेवलं, अंग देवानं दिलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. अंगानं शेवग्याची शेंग. पहिल्याच जत्रेला त्यानं दोर ओढला आणि गाड्या जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा ओढला, पाय घसरला, हळदीच्या अंगानं धुळीत तोंडावर पडला. शेवटी मागून गावानं हात लावले आणि गाड्या ढकलत देवळाला नेल्या. मी बाराव्या गाडीत बसून सगळं बघत होते. ढकलणाऱ्यांचे घामेजलेले हात माझ्या पाठीशीच होते.

पारावर भिका पहिलवान उभा होता. हसला नाही तो. मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "चालायचंच, काकू." हसला असता तर बरं होतं.

मग पंचांनी ठरवलं. आणखी एक जत्रा. या वेळी भगताच्या ओढीनं गाड्या हलल्या नाहीत, तर मान भिकाच्या घरात.

म्हणून त्या वर्षी होळी झाल्यापासून बळीराम रोज मळ्यात भरली गाडी ओढायचा. दुपारी यायचा तो कमरेला दोराचे वळ घेऊन. भाकरी करपली त्या दिवशीही आला, ओसरीत बसला, ताटाकडं बघत राहिला.

"जेव," मी म्हटलं. "गाडीला काय, ती उपाशी माणसालाही ओढू देते. पण मग हलत नाही."

"माय, एक गाडी ओढतो मी. दोन ओढतो. बारा हलत नाहीत. भिंतीला दोर बांधल्यासारखं वाटतं."

स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, "गाड्या एकमेकींना बांधता कशा?"

"घट्ट," बळीराम म्हणाला. "सुकदेवकाकांच्या साखळ्यांनी. मागच्या गाडीची दांडी पुढच्या गाडीच्या बुडाला भिडवायची आणि साखळी आवळायची. मध्ये बोट जाणार नाही."

हे सुकदेव म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचा पाय मोडला होता, तो सांधला तर देवाच्या गाड्यांना लोखंडी साखळ्या वाहीन, असा नवस ते बोलले होते. पाय सांधला, थोडा वाकडा सांधला, पण देवाकडं तक्रार कोण करणार? बळीरामच्या पहिल्या जत्रेलाच साखळ्या आल्या. आणि भाऊजी स्वतः एकेक साखळी गुडघा लावून आवळायचे. म्हणायचे, "साखळी ढिली म्हणजे भक्ती ढिली."

सून तशीच दारात उभी होती. हातात पीठ. "मग त्या बारा गाड्या नाहीतच," ती म्हणाली. "ती एकच गाडी झाली. बारा गाड्यांच्या वजनाची. ती एकदम कशी हलेल?"

"मग काय करायचं? बारा भगत आणायचे?" मी विचारलं.

"साखळ्यांआधी काय होतं, आत्याबाई?"

"दोर होते. काथ्याचे. आणि तुझे सासरे ते बांधायचे कसे, तर गाडी-गाडीमध्ये दोर जमिनीला टेकायचा. आळशी माणूस. त्यांनी धोतर तरी कधी घट्ट नेसलं?"

तिच्या तोंडावर जे काय उमटलं ते मला आवडलं नाही. माझ्या नवऱ्याच्या आळसाचं एवढं कौतुक मी उभ्या जन्मात कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

"आत्याबाई, मागच्या अंगणातल्या विटा घेऊ का थोड्या?"

त्या विटा संडास बांधायला आणलेल्या. म्हटलं, घे, तिथंच उभं राहून काय करायचं ते कर. तिनं अंगणात मूठ-मूठ ज्वारी पसरली, वर विटा ओळीनं ठेवल्या. ज्वारी बघून माझ्या जिवाचं पाणी झालं, पण दाण्यांवर वीट चाक लावल्यासारखी सरकायची, हे खरं. मग तिनं विटा सुतळीनं एकमेकींना आवळून बांधल्या आणि पहिल्या विटेची सुतळी माझ्यापुढं धरली. "करंगळीनं ओढा."

ओढलं. करंगळी लाल झाली. विटा देवासारख्या बसलेल्या.

मग तिनं सगळ्या गाठी सोडल्या आणि विटा-विटांमध्ये वीतभर सुतळी ढिली टाकून पुन्हा बांधल्या. "आता ओढा. आणि पहिली वीट निघाली की थांबू नका."

ओढलं. पहिली निघाली. टक्, दुसरी निघाली. टक्, तिसरी. माझी करंगळी चालली होती आणि मागं संडासाच्या विटांची वरात निघाली होती.

"हे कसं?"

"पहिली गाडी एकटी असते, ती हलते," ती सांगायला लागली, आणि हात असे हलवायला लागली की पिठाचे कण माझ्या डोळ्यात. "तिला वेग आला. वजन आणि वेग मिळून जे होतं त्याला संवेग म्हणतात. साखळी ताणली की ती दुसरीला जाऊन चिकटल्यासारखंच झालं. वजन दुप्पट झालं, म्हणून वेग निम्मा झाला. पण संवेग तेवढाच. तो मरत नाही, फक्त वाटला जातो. तिसरी आली, आणखी वाटला गेला. माझ्या गोळ्यांचं गणितच आहे ते!"

मी जरा विचार केला. "म्हणजे पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी घालतो. डाळ तेवढीच. नुसती पातळ होते."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "अगदी तसंच, आत्याबाई! डाळ म्हणजे संवेग!"

"मग एवढ्यासाठी तुझ्या बापानं तुला कॉलेजात घातलं? माझ्या स्वयंपाकघरात घातलं असतं." मग मी खरं विचारायचं ते विचारलं. "पण बाराव्या पाहुण्याच्या वाटीत डाळ येईल, की नुसतं पाणी?"

तिनं सुतळी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, "पुस्तकात गोळ्याला एकदा ढकललं की मागून कुणी ढकलत नाही. इथं हे ओढत राहतील. म्हणजे वरून डाळ पडत राहील. फक्त दचका बसला की ह्यांनी पाय थांबवायचा नाही. प्रत्येक गाडीला दचका बसणार. मागच्या वर्षी पहिल्याच दचक्याला थांबले असतील."

आमच्यामागं अंगणात येऊन उभा राहिलेला बळीराम मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, देव नको म्हणतोय."

"देव कशाला नको म्हणेल? साखळी नको म्हणत होती," मी म्हटलं.

"आणि शेवटच्या गाडीत तर तुम्ही बसता," सून बोलून गेली आणि जीभ चावली.

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही. तुमचं वस्तुमान धरायला हवं गणितात."

"जे काय असेल ते धर. मोठ्यानं बोलू नको."

आता भाऊजींना सांगायचं कुणी? नव्या सुनेनं देवाच्या गाड्या बांधायला शिकवायचं म्हणजे आमच्याकडं आभाळ पडायचं. मी सुकदेवभाऊजींना चहाला बोलावलं आणि चहा द्यायच्या आधी अंगणात नेऊन उभं केलं.

"वहिनी, हे काय? संडास इथं बांधताय?"

"करंगळी द्या."

त्यांनी आवळलेल्या विटा ओढल्या. मग दुसरी करंगळी लावली. मग पूर्ण हात लावायला गेले, तर सून म्हणाली, "काका, करंगळीच." मग ढिल्या ओढल्या. विटा टकटक करत निघाल्या. भाऊजींनी त्या भिंतीपर्यंत नेल्या, परत फिरवल्या, तुळशीला वळसा घातला. चहा गार झाला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण माझ्या साखळ्या?"

"साखळ्या तुमच्याच, भाऊजी. फक्त हात-हातभर ढिल्या."

"आणि पंचांना काय सांगायचं? पुस्तकात लिहिलंय म्हणून? ते म्हणतील, खंडोबानं कुठल्या कॉलेजात नाव घातलंय?"

ते मी आधीच योजून ठेवलं होतं. "सांगू, बळीचे बाप माझ्या स्वप्नात आले. म्हणाले, द्वारके, साखळी ढिली सोड."

"पण आत्याबाई," सून म्हणाली, "मामंजी स्वप्नात आलेले नाहीत. प्रकरण पाचमध्ये आहे."

"प्रकरण पाचला या गावात कोण ओळखतं? तुझ्या मामंजींना सगळे ओळखतात."

तिनं तोंड एवढंसं केलं. पण गप्प बसली. मला वाटलं, चला, मुरली.

चैत्री पुनव आली. सकाळपासून पारापुढं गाड्या लागल्या. भाऊजींनी वाकड्या पायानं फिरून एकेक साखळी हात-हातभर ढिली सोडली. लोखंड मातीत टेकलं. लगेच कुजबुज सुरू झाली. पंचांमधले वयानं मोठे नथ्थूअण्णा काठी टेकत आले. "हे काय, सुकदेव? देवाच्या गाड्या अशा लोंबत सोडल्यात?"

मी पदर नीट केला. घसा साफ केला. स्वप्न जिभेच्या टोकावर आणलं. आणि माझ्या आधी सुकदेवभाऊजी बोलले.

"अण्णा, काल पहाटे दादा माझ्या स्वप्नात आले. म्हणाले, सुकदेवा, साखळी ढिली सोड."

माझं स्वप्न! मी रचलेलं, मी नवऱ्याच्या तोंडी घातलेलं, आणि हे सरळ उचलून आपल्या उशाखाली ठेवून मोकळे! वर कपाळाला हातही लावला त्यांनी, डोळे मिटून.

"तुमच्या?" मी म्हटलं. "जिवंत असताना ते तुमच्या घरी चहाला आले नाहीत, मेल्यावर स्वप्नात येतील?"

लोक हसले. नथ्थूअण्णा म्हणाले, "मग कुणाच्या स्वप्नात आले, द्वारकाबाई?"

आता तोंडात आलेलं स्वप्न पुन्हा सांगितलं असतं, तर एका रात्रीत एकच माणूस दोन घरी फिरला असं झालं असतं. आणि चोरीला गेलेली वस्तू दारोदार मागत फिरणं माझ्या स्वभावात नाही.

"कुणाच्याच नाही," मी म्हटलं. "माझ्या सुनेनं सांगितलं. पुस्तकात आहे. प्रकरण पाच."

जत्रा गप्प झाली. शिट्टी विकणारा तेवढा शिट्टी वाजवत होता, त्यालाही कुणीतरी गप्प केलं.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "खरं का?"

माझी सून बायकांच्या घोळक्यात होती. पदर कपाळापर्यंत. तिथूनच म्हणाली, "हो. संवेग अक्षय्य राहतो."

"कोण संवेग?" मागून कुणीतरी विचारलं. "कोणत्या गावचा?"

हसण्याचा नुसता भडका उडाला. भिका पहिलवान मांडीवर हात मारत म्हणाला, "मग काकू, आज गाड्या बळीराम ओढणार की पुस्तक?"

"बळीरामच ओढणार. तुझ्यासारखं अंग असतं तर पुस्तक लागलंच नसतं," मी म्हटलं. "ज्याला जे दिलं ते तो वापरतो, भिका."

पण मी बळीरामकडं पाहिलं. हळदीखालीसुद्धा त्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसत होता. आणि सून पदराच्या काठाला पीळ घालत होती. आतापर्यंत गाड्या अडल्या असत्या तर एकाचं हसं झालं असतं. आता दोघांचं झालं असतं, आणि बायकांना पाणवठ्यावर दहा वर्षं पुरलं असतं.

अण्णांनी काठी आपटली. "बांधल्यात तशा असू द्या. बसा गाड्यांत."

माणसं चढली. मी टाक घेतला, बाराव्या गाडीशी गेले, चाकावर पाय ठेवला. आणि परत खाली घेतला.

"अगं," मी हाक मारली, "इकडं ये."

ती आली. मी टाक हळदीकुंकवाच्या ताटात ठेवला आणि ते ताट तिच्या हातात दिलं. "चढ."

"मी? आत्याबाई, ती जागा तर..."

"तुझ्या गणितात माझं वस्तुमान बसत नाही ना? मी जड, तू काडी. चढ लवकर, सगळे बघतायत."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणालीसुद्धा, "द्वारकाकाकू, थोरली बाई बसते ना तिथं?" मी म्हटलं, "गाड्या हलवायच्यात की म्हाताऱ्या मिरवायच्यात?" आणि सुनेच्या कोपराला धरून तिला वर चढवली. खरंच काडी होती. पण वर बसल्यावर मांडी घातली ती अशी, की मला माझी सासू आठवली.

मी गाडीच्या शेजारी उभी राहिले. खालून पुढचं काही दिसत नाही. नुसत्या अकरा गाड्यांच्या पाठी आणि त्यांत बसलेल्यांची डोकी. पुढं येळकोट झाला, भंडाऱ्याचा पिवळा ढग उठला, आणि घुंगरं पळाली. म्हणजे बळीराम पळाला.

ठक्.

पहिल्या गाडीतली डोकी एकदम मागं झुकली.

ठक्. दुसऱ्या गाडीतली झुकली.

ठक्. तिसरी. असं वाटत होतं, कुणीतरी गाडी-गाडीला जाऊन एक बातमी सांगतंय आणि ऐकणारा मागं रेलतोय. बातमी माझ्याकडंच येत होती, पण दर गाडीला तिचा आवाज उतरत होता. चौथीला तिसरीपेक्षा कमी, पाचवीला आणखी कमी. आमटी पातळ होत होती.

मधल्या गाड्यांशी आवाज थांबला.

साखळी हलली नाही. डोकी हलली नाहीत. पुढं घुंगरं एकदा वाजली आणि गप्प झाली. पारावर कुणीतरी 'अरेरे' सुरू केलं, पण मी ते पूर्ण होऊ दिलं नाही. माझा आवाज गिरणेच्या पल्याड जातो, हे गावाला माहीत आहे.

"बळ्याऽऽ! पाय थांबवलास तर घरी येऊ नको!"

अख्खी जत्रा हसली. आणि त्या हसण्यातूनच आवाज आला. ठक्. मग थोडं थांबून पुन्हा ठक्. बळीराम नंतर म्हणाला, "माय, देवाची भीती वाटत होती, पण तुझी जास्त." वरून डाळ पडली ती अशी.

दहावी निघाली. अकरावी निघाली, पण इतकी हळू की तिच्यातली डोकी झुकली नाहीत, नुसती हलली. आता अकरावी आणि बारावी यांच्यामधली साखळी मातीतून उठायला लागली. एक कडी, मग दुसरी कडी. धूळ झडत होती. साखळी सरळ झाली, ताठ झाली, आणि थरथरत राहिली.

मी वर पाहिलं. सुनेनं डोळे मिटले होते. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती की गोळ्यांचं गणित, काय सांगावं.

"अगं," मी हळू आवाजात विचारलं, "डाळ की पाणी?"

डोळे न उघडता ती म्हणाली, "डाळ, आत्याबाई."

आणि बाराव्या गाडीचं चाक फिरलं. दचका नाही, आवाज नाही. झोपलेल्या लेकराखालून हात काढून घ्यावा तसं. तिच्या ताटातलं कुंकू कणभर सांडलं नाही.

मग मात्र थांबायचं नाव नाही. एकदा सगळ्या चालायला लागल्या, मग बळीराम पुढं आणि गाव मागं पळत देवळाला. मीही पळाले. जड बाई पळते ते बघायला काहींनी गाड्या सोडून माझ्याकडं पाहिलं म्हणे. पाहू देत. पारापाशी भिका उभा होता. मिशीवर बोट होतं, पण फिरत नव्हतं. मी जाता जाता म्हटलं, "चालायचंच, भिका."

त्याला पुष्कळ वर्षं झाली. मान आमच्याच घरात आहे. आता बळीरामचा मुलगा ओढतो, साखळ्या ढिल्या असतात, आणि सुकदेवभाऊजी शेवटपर्यंत सांगत राहिले की दादा स्वप्नात आले होते. सांगू दिलं. सून परीक्षा पास झाली, पुढची झाली, त्याच्या पुढचीही झाली. आता तालुक्याच्या कॉलेजात पोरांना तेच गोळे एकमेकांना चिकटवायला लावते. भाकऱ्या अजून करपवते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी ओसरीत तूरडाळ निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "आत्याबाई, एक सांगू? रागवायचं नाही."

"आधी सांग. मग ठरवते."

"त्या जत्रेला तुम्ही खाली उतरलात ना, मला वर बसवलंत. त्यानं काही फरक पडला नव्हता. बारा गाड्या, त्यात भरलेली माणसं, त्यापुढं तुमचं आणि माझं वजन म्हणजे परातभर पिठात चिमूटभर मीठ. मी चाकावर पाय ठेवला तेव्हाच मनात गणित केलं होतं."

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

ती लाजली. केस पांढरे व्हायला लागलेत, तरी लाजली. "तुम्ही पुन्हा उतरवलं असतं म्हणून."

मला हसू आलं. "अगं, जन्मभर केळीचे घड उचललेत मी. बाराव्या गाडीत बसून सगळी जत्रा पाठीमागून पाहिलीय. कशात किती वजन असतं ते मला तुझ्या पुस्तकानं सांगायचं?"

तिचा हात सुपातच थांबला. माझ्याकडं बघत राहिली, त्या दिवशी विटांपाशी बघत होती तशी.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग उतरलात कशाला?"

"डाळ निवड," मी म्हटलं. "खडा राहिला तर तुझ्याच दाताखाली येईल."